लाटेखालच्या होड्या

देब्युसीचा समुद्र हॉटेलच्या खिडकीतला, ब्रिटनचा दाराशी येऊन ठेपलेला, मियागींचा मिटल्या डोळ्यांतला. आणि वर्सोव्याचा? दोन शनिवार, दोन रिटर्न तिकिटं आणि एक हेडफोन घेऊन केलेली समुद्राची सफर.

कोणतीही ऑफिस पार्टी घ्या. रात्री अकरा-सव्वाअकराला डीजेला कोळीगीत आठवतंच. मग काय, एरवी ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे न जाणारे अकाउंट्समधले सर डोक्याला टाय बांधतात, एचआरवाल्या मॅडम पदर खोचल्याची अ‍ॅक्टिंग करतात आणि पन्नास-साठ माणसं हवेत वल्हं मारायला लागतात. वल्हं कसलं, मोठ्या पातेल्यातली खिचडी ढवळतायत असं वाटतं! फ्रीलान्सर असल्यामुळे मला चार-चार ऑफिसांच्या पार्ट्यांचं बोलावणं असतं, त्यामुळे वर्षभरात बरीच खिचडी मीही ढवळते. पाच मिनिटं धमाल येते. मग गाणं बदलतं आणि सगळे स्टार्टर्सकडे वळतात.

एक गोष्ट मात्र मी तिथे कुणाला सांगत नाही. माझे बाबा वर्सोव्याच्या एका बोटीवर तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीचा कॅप्टन. आई अजूनही मार्केटात मासळी विकते. लाज वगैरे अजिबात वाटत नाही. पण सांगितलं की पुढचा डायलॉग ठरलेला असतो, ‘वॉव, म्हणजे तुझ्याकडे रोज पापलेट?’ त्यावर काय बोलणार! म्हणून मी नाचते आणि गप्प बसते.

त्या गाण्यातला समुद्र आणि बाबांचा समुद्र यांचं नेमकं नातं काय, हा प्रश्न मला मुंबईत असताना कधी पडला नाही. तो पडायला सात हजार किलोमीटर लांब जावं लागलं. गेल्या वर्षी मे-जूनमध्ये एका छोट्या कोर्ससाठी सहा आठवडे लंडनला होते. प्रोजेक्ट होता आवाजावर. एक जागा निवडा आणि ती फक्त आवाजातून दाखवा. वर्गातल्या बाकीच्यांनी भुयारी रेल्वे, पब, बाजार असं काय काय घेतलं. मी समुद्र घेतला. म्हटलं, आपलं होम ग्राउंड आहे! रूममेट म्युझिकवाली होती. ती म्हणाली, ‘आधी ज्यांनी केलंय त्यांचं ऐक.’ आणि तिने मला एक लिस्ट दिली.

समुद्र, व्हाया हॉटेल

पहिला शनिवार ईस्टबर्नचा. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून थेट ट्रेन, साधारण दीड तास. गाव बघितल्याबरोबर हसू आलं. इतका शिस्तीचा समुद्रकिनारा मी कधी पाहिला नव्हता. लांबलचक प्रोमेनेड, रांगेत लावलेली फुलं, व्हिक्टोरियन काळातला पिअर, बाकांवर थर्मास घेऊन बसलेले आजी-आजोबा. वाळूच्या जागी गोटे. पश्चिमेला बीची हेडचा पांढराशुभ्र खडूचा कडा, १६२ मीटर उंच. आणि प्रोमेनेडच्या काठावर लग्नाच्या केकसारखं दिसणारं ‘ग्रँड हॉटेल’.

१९०५च्या उन्हाळ्यात क्लोद देब्युसी या हॉटेलात राहिला होता. ‘ला मेर’, म्हणजे ‘समुद्र’, ही त्याची सर्वांत गाजलेली ऑर्केस्ट्रा रचना. तिच्यावरचा शेवटचा हात त्याने इथे फिरवला. येण्याचं कारण काही समुद्राची ओढ एवढंच नव्हतं. पहिल्या बायकोला सोडून तो एम्मा बार्दाकबरोबर राहत होता, एम्मा गरोदर होती आणि पॅरिसमध्ये त्याचा बोभाटा झाला होता. थोडक्यात, साहेब लोकांच्या नजरा चुकवायला आले होते. ईस्टबर्नचा समुद्र कसा वाटला? आपल्या प्रकाशकाला त्याने लिहिलं की इथला समुद्रही अगदी ब्रिटिश अदबीने वागतो. बाकावर बसून बघितलं तर मलाही तेच वाटलं. लाट यायची, ‘सॉरी’ म्हणायची आणि परत जायची.

हॉटेलातला चहा माझ्या बजेटच्या बाहेरचा होता. म्हणून बाहेरच्या बाकावर सँडविच काढलं आणि ‘ला मेर’ लावलं.

पहिली दोन मिनिटं काही घडतच नाही असं वाटतं. खालच्या पट्टीत काहीतरी घुटमळतं, हार्पचे थेंब पडतात, एक तुकडा वर येतो आणि विरतो. आपल्याला सवय मुखडा-अंतऱ्याची. इथे गुणगुणायला घ्यावं तर सूर हातातून निसटतो. पहिल्या भागाचं नावच आहे ‘समुद्रावर, पहाटेपासून दुपारपर्यंत’. त्यावर एरिक सातीने मारलेला टोमणा प्रसिद्ध आहे, त्याला म्हणे पावणेअकराचा भाग विशेष आवडला! मग मध्येच चेलोंचा सगळा ताफा एकदम उठतो आणि अंगावर काटा येतो. दुसऱ्या भागात लाटांचा खेळ, तिसऱ्यात वारा आणि समुद्र यांची जुगलबंदी. तेवीस-चोवीस मिनिटांत सगळा कारभार आटोपतो. १५ ऑक्टोबर १९०५ला पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजलं तेव्हा बऱ्याच जणांच्या डोक्यावरून गेलं. एका नामांकित समीक्षकाला तर त्यात समुद्रच सापडला नाही.

गंमत पुढे आहे. ‘ला मेर’ लिहायला त्याने सुरुवात केली १९०३ मध्ये, बरगंडीत. बरगंडी हा फ्रान्सचा आतला, द्राक्षमळ्यांचा भाग. समुद्राचा पत्ता नाही. तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हे स्वतःच कबूल केलं. इथल्या डोंगरांना समुद्र लागत नाही, पण माझ्याकडे आठवणींचा साठा आहे आणि तो प्रत्यक्षापेक्षा जास्त कामाचा, असा एकूण सूर. त्याच पत्रात तो म्हणतो की त्याला खरं तर खलाशी करायचं घरी ठरलं होतं. नशिबाने वाट बदलली. म्हणजे बोटीवर जायचा राहिलेला माणूस द्राक्षमळ्यात बसून समुद्र आठवतोय. दोन शहरं सोडून तिसऱ्या शहरात नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नवीन नाही. आईच्या हातची आमटी खरी चविष्ट लागते ती पीजीमध्ये.

होड्या कुठे गेल्या?

ईस्टबर्नहून परतताना ट्रेनमध्ये फोनवर ‘ला मेर’च्या १९०५च्या छापील पुस्तकाचं कव्हर बघत होते. त्यावर एक लाट आहे. ती तुम्हीही पाहिली आहे. टी-शर्टवर, कॉफी मगवर, कुणाच्या तरी लॅपटॉपच्या स्टिकरवर. जपानी चित्रकार होकुसाईची, १८३१च्या सुमाराची ती जगप्रसिद्ध निळी लाट. देब्युसीला ती एवढी आवडायची की त्याच्या घरात भिंतीवर तिची प्रत होती आणि कव्हरवरही तीच हवी होती.

मूळ चित्र आणि कव्हर शेजारी शेजारी ठेवलं आणि चमकले. मूळ चित्रात लाटेच्या मागे छोटासा फुजी पर्वत आहे. आणि लाटेखाली तीन होड्या आहेत! लांबट, अरुंद होड्या. त्यांत वल्हेकरी वाकून, एकमेकांना चिकटून बसलेत. आपण चित्र बघतो तेव्हा लाटच बघतो. मीसुद्धा कितीदा बघितलं असेल, होड्या कधी लक्षात आल्या नव्हत्या. या होड्या ताजी मासळी बाजारात लवकर पोचवणाऱ्या होत्या. म्हणजे त्या लाटेखाली आमच्याच धंद्यातली माणसं आहेत.

कव्हरवर फुजी नाही. होड्याही नाहीत. फक्त लाट.

यात देब्युसीवर केस करायची नाही. कव्हर डिझाइनमध्ये काटछाट होतेच. पण ते कव्हर त्याच्या संगीताला अगदी फिट बसतं. ‘ला मेर’मध्ये ऊन आहे, वारा आहे, फेस आहे. माणूस कुठेही नाही. तो समुद्र काठावरून बघितलेला आहे आणि म्हणून इतका देखणा आहे.

मग मला एक खेळच मिळाला. लिस्टमधली प्रत्येक रचना ऐकायची आणि एकच प्रश्न विचारायचा. होडी आहे का? आणि असेल तर हा माणूस होडीत बसलाय की काठावर?

पोटातला समुद्र

बोटीत बसलेला एक जण लगेच सापडला. फेलिक्स मेंडेल्सन. १८२९ मध्ये, वीस वर्षांचा असताना, तो मित्राबरोबर स्कॉटलंडच्या ट्रिपवर गेला. आपण जातो तसाच, हुंदडायला. पश्चिम किनाऱ्यावर हेब्रिडीज नावाची बेटं आहेत. त्यांतल्या स्टाफा बेटावर बसाल्टच्या षटकोनी खांबांची फिंगल्स केव्ह नावाची गुहा आहे. त्याच्या ‘हेब्रिडीज’ ओव्हर्चरला म्हणूनच ‘फिंगल्स केव्ह’ असंही म्हणतात. पण ७ ऑगस्टला त्याने घरी पत्रातून जी सुरावट लिहून पाठवली, तीच आजची प्रसिद्ध सुरुवात, ती गुहा बघायच्या आदल्या दिवशीची आहे! दुसऱ्या दिवशी गुहेकडे जाताना स्वारीला बोट लागली. सोबतच्या मित्राने घरी कळवलं की फेलिक्सचं समुद्राशी कलाकार म्हणून जमतं, पोटाचा मालक म्हणून नाही.

ओव्हर्चर पुरं व्हायला आणखी तीन वर्षं गेली. त्यालाच मधला भाग आवडेना. त्यात मासळीच्या तेलापेक्षा शास्त्राचा वास जास्त येतो, अशा अर्थाची तक्रार त्याने केली. मासळीचा वास येत नाही म्हणून गाणं सुधारणारा संगीतकार! आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘भला माणूस दिसतो.’

मिटल्या डोळ्यांतला

होकुसाईच्या होड्या डोक्यात होत्याच, म्हणून जपानकडे वळले. देब्युसीने जपानी लाट घेतली, मग जपानी माणसाने स्वतःचा समुद्र कसा वाजवला? लिस्टमध्ये नाव होतं मिचिओ मियागी. रचना ‘हारु नो उमी’, म्हणजे ‘वसंतातला समुद्र’. वर्ष १९२९. वाद्यं दोनच. एक कोतो, म्हणजे लांब लाकडी पेटीवर तेरा तारा, नख्या लावून छेडायच्या. दुसरं शाकुहाची, उभी धरून वाजवायची बांबूची बासरी. जपानमध्ये नवीन वर्षाला दुकानांत, टीव्हीवर, सगळीकडे हे वाजतं. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे सनई लागते ना, तसं.

मियागींचा जन्म १८९४चा, कोबे बंदराच्या शहरातला. दृष्टी लहानपणीच गेली. रचनेतला समुद्र आहे सेतोचा, बेटाबेटांनी भरलेला, जपानच्या मोठ्या बेटांच्या मधोमध अडकलेला शांत समुद्र. कोतोच्या तारांवर बारीक लाटा वर-खाली होतात, बासरी पक्ष्यासारखी त्यांच्यावरून जाते. मग मध्येच लय वाढते, तारा टक्‌टक्‌ वाजायला लागतात. ती आहेत वल्ही! मियागींनी स्वतःच सांगितलंय की या रचनेत संथ लाटांचा, पक्ष्यांचा आणि होडी वल्हवण्याचा आवाज आहे.

मी तो भाग पुन्हा पुन्हा लावला. दिसणाऱ्या माणसांच्या समुद्रातून होड्या गेल्या होत्या. ज्याला समुद्र दिसत नव्हता, त्याने होडी ठेवली. कारण सरळ आहे. त्याला समुद्राचा देखावा नव्हताच, आवाज होते. आणि आवाजात वल्हं लाटेइतकंच मोठं असतं.

१९३२ मध्ये रने शेमे ही फ्रेंच व्हायोलिनिस्ट जपानला आली. तिला ही रचना एवढी आवडली की बासरीचा भाग तिने व्हायोलिनवर घेतला आणि मियागींबरोबर रेकॉर्डही केला. होकुसाईची लाट फ्रान्सला गेली होती. तिची परतफेड झाली म्हणायची.

समुद्र दाराशी

दुसरा शनिवार ऑल्डबराचा. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटवरून इप्सविच, तिथून छोट्या ट्रेनने सॅक्समंडम, पुढे बस. दिशा पूर्व, समोर नॉर्थ सी. ईस्टबर्नच्या अदबीचा इथे मागमूस नाही. करडं पाणी, करडे गोटे, गार वारा. प्रत्येक लाट परत जाताना हजारो गोटे खाली ओढते आणि खरड्‌ड्‌ असा आवाज येतो, कुणीतरी खूप मोठा घसा साफ करतंय असा. किनाऱ्यावर काळ्या लाकडी टपऱ्या, त्यांत ताजी मासळी. गोट्यांवर ओढून ठेवलेल्या होड्या. मुख्य रस्त्यावर फिश अँड चिप्ससाठी ही रांग!

किनाऱ्याला लागून ‘मूट हॉल’ नावाची सोळाव्या शतकातली जुनी कचेरी आहे. ती काही हौसेने समुद्राकाठी बांधलेली नाही. एकेकाळी ती गावाच्या मधोमध होती. पुढचं गाव समुद्राने नेलं.

बेंजामिन ब्रिटनचा जन्म याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, लोस्टॉफ्टला, १९१३चा. घर थेट समुद्रासमोर. वादळात बोटी किनाऱ्यावर आपटताना आणि कडे ढासळताना पाहत तो वाढला. १९३९ला तो अमेरिकेला गेला. दोन वर्षांनी, कॅलिफोर्नियाच्या उन्हात, एका मासिकात त्याने ई. एम. फॉर्स्टरचा लेख वाचला. लेख होता ऑल्डबरात जन्मलेल्या जॉर्ज क्रॅब या जुन्या कवीवर. ब्रिटनला कळलं की आपलं घर कुठे आहे. १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, तो बोटीने अटलांटिक ओलांडून परत आला. क्रॅबच्या १८१०च्या ‘द बरो’ या काव्यातल्या एका कोळ्यावर त्याने ऑपेरा लिहिला, ‘पीटर ग्राइम्स’. पहिला प्रयोग ७ जून १९४५, लंडन. युरोपातलं युद्ध संपून जेमतेम महिना झाला होता.

गोष्ट काळीकुट्ट आहे. ग्राइम्स हा एकटा, तापट कोळी. त्याच्या बोटीवरचा शिकाऊ पोरगा समुद्रात मरतो. गाव कुजबुजतं. दुसरा पोरगा कड्यावरून पडून जातो. मग गाव त्याला शोधायला बाहेर पडतं. शेवटी एक जुना कॅप्टन त्याला सांगतो, बोट खोल पाण्यात ने आणि बुडव.

प्रवेशांच्या मध्ये वाजणारे ऑर्केस्ट्राचे तुकडे आहेत, त्यांतले चार ‘फोर सी इंटरल्यूड्स’ म्हणून वेगळे वाजवले जातात. पहिला ‘पहाट’. खूप वर, काचेसारखी पातळ व्हायोलिन आणि बासऱ्या. मध्ये एक झुळूक. आणि खालून पितळी वाद्यांचा जड श्वास. गोट्यांवर बसून ऐकाल तर कळेल, तो खालचा आवाज म्हणजे समोर परत जाणारी लाटच आहे. या समुद्रात माणूस आहे. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांची रोजची झुंज दाखवायची होती, असं ब्रिटनने स्वतः लिहून ठेवलंय. होकुसाईच्या होड्या चित्रात परत आल्या होत्या.

उत्तरेकडे गोट्यांवर चार मीटर उंचीचा स्टीलचा शिंपला उभा आहे. मॅगी हॅम्ब्लिंगने ब्रिटनसाठी २००३ मध्ये केलेला, वरच्या कडेला ऑपेरातले शब्द कोरलेले. काही गावकऱ्यांना तो अजिबात आवडला नाही, त्याच्यावर रंगही फेकला गेला. मला आवडला. त्याच्या पोटात उभं राहिलं की वारा थांबतो आणि समुद्र मोठा ऐकू येतो.

‘होड्या दाखव जरा’

तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे संध्याकाळचे साडेचार. जूनमध्ये पावसाळ्याची मासेमारी बंदी असते. वर्सोव्यालाही बोटी ओढून ठेवलेल्या. मी फोन फिरवून समुद्र दाखवत होते, शिंपला दाखवत होते. बाबा म्हणाले, ‘ते राहू दे. मागे होड्या दिसल्या, त्या दाखव जरा.’

दाखवल्या. पुढची पाच मिनिटं त्यांची.

‘गोट्यांवर ओढल्यात, म्हणजे बंदर नाही तिथे. विंच आहे का बघ.’

होती.

‘मग दोघं-तिघंच जात असतील. काय लागतं?’

टपरीवरचा बोर्ड वाचून दाखवला. कॉड, स्केट, सोल.

‘सोल म्हणजे आपली लेप. बरोबर. खाली गाळ असणार.’

मग मी म्हटलं, थांबा, एक ऐकवते. आणि इंटरल्यूड्समधला शेवटचा, ‘वादळ’, लावला. ढोल, तुताऱ्या, सगळी ऑर्केस्ट्रा एकमेकांच्या अंगावर. बाबांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, ‘छान आहे. पण हे काठावरून ऐकलेलं वादळ आहे गं बाय. आत असताना एवढं सगळं ऐकू येत नाही.’

‘मग काय ऐकू येतं?’

‘इंजिन. ते चालू आहे ना, एवढंच ऐकायचं.’

११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा मी शाळेत होते. बाबा समुद्रात होते. कोकणातल्या कितीतरी बोटी त्या वेळी परत आल्या नाहीत. आमची दोन दिवस उशिरा आली. ते दोन दिवस मला आठवतात ते आईच्या पाठीवरून. बाकीच्या बायका पाण्याकडे बघत उभ्या होत्या. आई समुद्राकडे पाठ करून जुनं जाळं सोडवत बसली होती. त्यावर आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही. बाबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या दिवशी विचारलं. ‘फयानच्या वेळीही इंजिनच ऐकत होता?’

बाबा जरा थांबले. ‘दोनदा बंद पडलं होतं,’ म्हणाले. ‘तेव्हा ऐकला समुद्र.’

मग फोन आईने घेतला आणि विचारलं, ‘जेवलीस का?’

तीच पहाट

परतीच्या ट्रेनमध्ये ऑपेराचा शेवट ऐकला. ग्राइम्स बोट घेऊन गेलाय. सकाळ होते. कुणीतरी सांगतं, लांब समुद्रात एक बोट बुडताना दिसतेय, मदतीच्या पल्ल्याबाहेर. गाव क्षणभर बघतं आणि कामाला लागतं. आणि संगीत परत येतं ते कोणतं? तीच ‘पहाट’. तीच काचेसारखी व्हायोलिन, तोच खालचा श्वास.

आधी ऐकलं होतं तेव्हा मला तो गाव दुष्ट वाटला होता. कुणी मेलं आणि यांना काहीच नाही! त्या दिवशी तसं वाटलं नाही. बाबा फयानमधून परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आई टोपली घेऊन मार्केटला गेली होती. समुद्रावर पोट असलं की पहाट चुकवता येत नाही. कॅलिफोर्नियाला जाऊन आलेल्या ब्रिटनला हे कसं कळलं कुणास ठाऊक, पण कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे देब्युसी खोटा आणि ब्रिटन खरा? नाही हो! देब्युसी परत ऐकला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पहाटेपासून दुपारपर्यंत म्हणजे साधारण सहा तास. एक भरती. बाबा डोल लावायचे. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीच्या तोंडाशी लावायचं पिशवीसारखं मोठं जाळं. त्यांचं सगळं घड्याळ या सहा तासांवर चालायचं. पाणी फिरेपर्यंत काहीच करायचं नसतं, बसून बघायचं. ते बघणं म्हणजे ‘ला मेर’ची पहिली दोन मिनिटं. काठावरच्या माणसालाही समुद्र कळतो. फक्त त्याने लाटेखाली होडी असते, एवढं विसरू नये.

आणि आपलं कोळीगीत? ‘मी डोलकर’ घ्या. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आवाज लता आणि हेमंतकुमारांचे. चौघांपैकी कुणीही डोल टाकायला गेलेलं नाही. तरी बाबांना विचारलं तर म्हणतात, ‘गाणं बरोबर आहे.’ का बरोबर आहे? तो सहा मात्रांचा हेलकावा बोटीतल्या माणसाच्या अंगात बसलेला असतो, म्हणून. त्या गाण्यात समुद्राचं वर्णन करायला कुणी काठावर उभं नाही. गाणारा आत बसलाय. आपण पार्टीत नाचतो तेव्हा नकळत त्या होडीत चढतो.

पुढच्या पार्टीत मी नाचणार आहे. अकाउंट्सच्या सरांना सांगणारही आहे, माझे बाबा तांडेल होते म्हणून. पापलेटचा प्रश्न आला तर येऊ दे. फक्त तेवढं वल्हं नीट धरायला शिकवते सगळ्यांना. खिचडी पुरे झाली!

हेडफोन लावण्याआधी

• सुरुवात ‘हेब्रिडीज’ ओव्हर्चरने करा. दहा मिनिटं, एका लोकल प्रवासात होतं. नंतर ‘हारु नो उमी’, ते त्याहून छोटं.

• ‘फोर सी इंटरल्यूड्स’ साधारण सोळा मिनिटं. आवडलं तरच पूर्ण ‘पीटर ग्राइम्स’कडे वळा. ब्रिटनच्या जन्मशताब्दीला, २०१३ मध्ये, हा ऑपेरा ऑल्डबराच्या किनाऱ्यावर, गोट्यांवर स्टेज उभारून केला गेला होता.

• ‘ला मेर’ डेडलाइनच्या दिवशी ऐकू नका. रविवारी सकाळी, फोन सायलेंटवर.

• खरोखर नौदलात असलेला संगीतकार हवा असेल तर रिम्स्की-कोर्साकॉव्ह. तरुणपणी जवळपास तीन वर्षं तो रशियन जहाजावर जगभर हिंडला. त्याच्या १८८८च्या ‘शेहेराझाद’मध्ये सिंदबादचं जहाज आहे.

• आजचं काही? अमेरिकेच्या जॉन लूथर अ‍ॅडम्सचं ‘बिकम ओशन’. बेचाळीस मिनिटांची एकच मोठी लाट. २०१४चं पुलित्झर. ऐकून टेलर स्विफ्ट इतकी भारावली की २०१५ मध्ये तिने ते पहिल्यांदा वाजवणाऱ्या सिएटल सिंफनीला ५० हजार डॉलर्स दिले.

• ऑल्डबराला जायचं तर जूनमध्ये. ब्रिटनने सोबत्यांबरोबर १९४८ मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव तेव्हा असतो. जॅकेट न्या. आणि फिश अँड चिप्सच्या रांगेत बाराच्या आधी लागा.